श्रद्धा सोडायची नाही, पण या निवेदनावर सहीही करवत नाही

वाचकाचे पत्र

‘मी वसई तालुक्यातला, बँकेतून निवृत्त झालेला कॅथलिक गृहस्थ आहे. आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, पॅरिश कौन्सिलवर बरीच वर्षे काम करतो. समलिंगी विवाहाला संसदेने कधीही मान्यता देऊ नये, असे निवेदन निरनिराळ्या धर्मांच्या काही संघटना मिळून खासदारांना देणार आहेत आणि आमच्या भागातल्या सह्या गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझी धाकटी मुलगी पुण्यात तिच्या मैत्रिणीबरोबर संसार करते, हे तिने आम्हाला काही वर्षांपूर्वी सांगितले. बाहेर कोणाला ठाऊक नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तिचे अपेंडिक्सचे ऑपरेशन करावे लागले. संमतीच्या फॉर्मवर “रुग्णाशी नाते” या रकान्यात मैत्रिणीने काय लिहायचे, यावरच अडून बसले. शेवटी माझी फोनवर संमती घेतली आणि पहाटे पोहोचून मी सही केली. मुलगी चळवळीत आहे. मोर्चात तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या हातात चर्चची टिंगल करणारा फलक होता. तो फोटो पाहून माझ्या पत्नीला फार लागले. मुलगी म्हणते, “तुमची सही म्हणजे माझ्याविरुद्ध मत.” सही नाकारली तर ती धर्माशी प्रतारणा होईल का? हे कार्यकर्ते खरोखरच धर्माच्या विरोधात आहेत का? आणि मुंबईत अशा मुलांच्या आईवडिलांचा गट आहे म्हणतात, तिथे जावे का?’

उत्तर

स. न. वि. वि.

सही करू नका, आणि सह्या गोळा करण्याचे कामही स्वीकारू नका. यात धर्माशी प्रतारणा होत नाही असे माझे मत आहे. त्याची कारणे सविस्तर देते, कारण हा प्रश्न आपल्याला कौन्सिलमध्येही विचारला जाईल आणि तिथे केवळ ‘माझे मन तयार नाही’ एवढे उत्तर पुरणार नाही.

आपल्या चर्चची शिकवण काय आहे, ते आधी आडपडदा न ठेवता मांडले पाहिजे. विवाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यातला संस्कार आहे, ही शिकवण बदललेली नाही. २००३ मध्ये व्हॅटिकनने एक दस्तऐवज काढून समलिंगी जोडप्यांच्या संबंधांना कायदेशीर मान्यता देण्यास कॅथलिकांनी, विशेषतः लोकप्रतिनिधींनी, विरोध करावा असेही सांगितले. तेव्हा निवेदन घेऊन येणारे लोक काही नवे रचून सांगत नाहीत, हे मान्य करून पुढे जावे. पण त्याच चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावे आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची खूणही नसावी, असे लिहिलेले आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी चर्चचा समलिंगी विवाहाला विरोध असल्याचे सांगतानाच, समलिंगी व्यक्तींना आम्ही गुन्हेगार मानत नाही, अशी स्पष्ट भूमिका घेतली होती. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये अशा जोडप्यांना नागरी कायद्याचे संरक्षण असावे, असे मत व्यक्त केले, जानेवारी २०२३ मध्ये समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे असे सांगितले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा रीतीने आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. आफ्रिकेतील अनेक बिशपांनी ती मुभा नाकारली. म्हणजे संस्काराविषयीची शिकवण कायम असतानाही, सरकारने या माणसांना कोणते संरक्षण द्यावे यावर आपल्या चर्चमध्येच गंभीर मतभेद आहेत आणि त्यात आपण एकटे पडलेले नाही.

आता निवेदनात ज्याला विरोध आहे ती मागणी नेमकी कोणती, ते पाहू. एप्रिल-मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे ज्या याचिकांची सुनावणी झाली, त्यांचा मुख्य भर विशेष विवाह कायदा, १९५४ यावर होता. पहिल्याच दिवशी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी न्यायालय कोणत्याही धर्माच्या व्यक्तिगत कायद्यात शिरणार नाही, असे सांगितले आणि याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी त्या मर्यादेतच युक्तिवाद केला. हा कायदा आपल्याला परका नाही. वसईतल्या ज्या मुलामुलींनी अन्य धर्मातल्या जोडीदाराशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, त्यांची लग्ने याच कायद्याखाली झाली. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत जे खासगी विधेयक मांडले, तेही याच कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी होते. वेदीसमोर कोणाचे लग्न लावावे, हा प्रश्न यात कुठेच नाही.

कौन्सिलमध्ये कोणी म्हणेल, की आज नोंदणी कार्यालयात मान्यता दिली तर उद्या फादरांना अशी लग्ने लावायला भाग पाडतील. त्यावर आपल्या समाजाच्याच अनुभवातले उत्तर आहे. चर्चच्या शिकवणीनुसार विवाह अतूट आहे. तरीही ख्रिस्ती जोडप्यांना घटस्फोट देणारा कायदा १८६९ पासून आहे आणि २००१ च्या दुरुस्तीने त्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोयही झाली. न्यायालयातून घटस्फोट घेतलेल्या माणसाला चर्चच्या न्यायाधिकरणाने पहिला विवाह रद्दबातल ठरवल्याशिवाय चर्चमध्ये दुसरे लग्न करता येत नाही, आणि इतक्या वर्षांत एकाही धर्मगुरूवर ते लावण्याची सक्ती सरकारने केलेली नाही. उलट बाजूनेही रेषा तितकीच स्पष्ट आहे. चर्चच्या न्यायाधिकरणाचा निर्णय दिवाणी न्यायालयाच्या घटस्फोटाची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सांगितले. कुटुंब न्यायालये बंद करा, अशा निवेदनावर आपल्या धर्मग्रामात कोणी सह्या मागत नाही. विवाह अतूट आहे यावर श्रद्धा ठेवूनही घटस्फोटाचा कायदा असू द्यावा, असे ज्याला वाटते त्याला आपण पाखंडी म्हणत नाही. मग आपल्या मुलीच्या बाबतीत हाच विवेक वापरणाऱ्या बापाला धर्मद्रोही का ठरवावे?

एक गोष्ट बहुधा आपल्या लक्षात आलेली नसेल, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती व्यक्तींना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. आपली मुलगी आज मृत्युपत्र न करता गेली, तर कायद्याने तिला पती नाही, मूल नाही. अशा वेळी तिची सर्व मालमत्ता तिच्या वडिलांना मिळते. आपण हयात असेपर्यंत आईलाही वाटा नाही, भावंडांनाही नाही. त्या दोघींनी मिळून हप्ते भरलेले घर मुलीच्या नावावर असेल, तर त्याचे मालक आपण व्हाल आणि जिने तिला ऑपरेशनच्या रात्री दवाखान्यात नेले, ती त्या घरात आपल्या मर्जीने राहील. निवेदनात ‘कुटुंबव्यवस्थेचे रक्षण’ असे शब्द असतील, पण व्यवहारात ते ही व्यवस्था कायम ठेवण्याची विनंती करते. आपल्याला असे घर नको आहे, हे पत्रावरूनच कळते.

धर्मसंघटनांनी राजकीय भूमिका घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. न्यायालयात जाणे, खासदारांना भेटणे हा त्यांचा अधिकार आहे, आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला आहे. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, तेव्हा केंद्र सरकारने अपील केले नाही. अपिलात गेले ते काही व्यक्ती आणि धर्मसंघटना. त्यांत अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स होते, आणि ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते एक ज्योतिषी होते. एरवी एकमेकांच्या मिरवणुकांच्या मार्गावरून भांडणारे लोक या एका मुद्द्यावर एकाच बाकावर बसले. २०२३ मध्ये जमियत उलेमा-ए-हिंद आणि अखिल भारतीय संत समिती यांनी विवाहाच्या याचिकांना विरोध करण्यासाठी अर्ज केले, निरनिराळ्या धर्मांच्या गुरूंनी राष्ट्रपतींना आणि सरन्यायाधीशांना पत्रे लिहिली. केंद्राने राज्यांचे मत मागवले, तेव्हा आंध्र प्रदेशाने आपण राज्यातील विविध धर्मांच्या प्रमुखांचा सल्ला घेतल्याचे सांगून विरोध कळवला. राजस्थान आणि आसामनेही विरोध केला. महाराष्ट्राने विचारासाठी वेळ मागितला. आंध्राच्या उत्तरात मला खटकते ते हे, की सरकारने धर्मप्रमुखांना विचारले, पण ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता त्यांना विचारल्याचा उल्लेख त्यात नाही. आपल्यापुढचे निवेदनही त्याच पद्धतीने तयार झाले आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी कोणी आपल्या मुलीसारख्या एखाद्या व्यक्तीशी बोलले होते का, हे आपण कौन्सिलमध्ये जरूर विचारावे.

कार्यकर्ते धर्माच्या विरोधात आहेत का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तेही एका विचाराचे नाहीत. वकिलांनी धर्माच्या विवाहविधीला हात न लावता नागरी कायद्यापुरती मागणी ठेवली, हे वर आलेच. ज्येष्ठ वकील मुकुल रोहतगी यांनी न्यायालयाला विधवाविवाहाच्या कायद्याची आठवण करून दिली, की त्याही वेळी समाज राजी नव्हता, कायदा आधी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यावर त्यांच्याच मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, तेव्हा विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळून ३७ वर्षे झाली होती. समलिंगी असणे हा आजार आहे, या प्रचाराला इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने उत्तर दिले, तो आजार नसल्याचे सांगितले आणि एप्रिल २०२३ मध्ये विवाहासह सर्व नागरी हक्कांत समान वागणूक मिळावी अशी भूमिका घेतली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने देशातील ९९.९ टक्के लोक याच्या विरोधात असल्याचा ठराव केला, तेव्हा ३६ विधी महाविद्यालयांतील ६०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्याचा जाहीर निषेध केला. आणि चळवळीतच एक मोठा प्रवाह असा आहे, की जो विवाहाला सर्वांत वरचे स्थान देत नाही. रक्ताच्या नातेवाइकांकडून होणारी मारहाण, डांबून ठेवणे, जबरदस्तीने लग्न लावणे यांपासून संरक्षण मिळावे आणि आपण निवडलेल्या माणसाला कुटुंब म्हणून नोंदवता यावे, ही मागणी घेऊन त्यांतील काही जणी न्यायालयात गेल्या होत्या. यांतले कोणते काम धर्माविरुद्ध आहे? काही जण धर्मावर चिडलेले आहेत हे खरे, आणि त्या फलकाकडे मी येतेच.

त्याआधी आयर्लंडविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण तिथला समाज आपल्यासारखाच रविवारची मिस्सा न चुकवणारा होता. तिथे २२ मे २०१५ रोजी समलिंगी विवाहावर सार्वमत झाले. त्याआधी बिशपांनी विवाहाच्या अर्थाविषयीचे निवेदन काढून ते धर्मग्रामांतून वाटले. विरोधकांच्या फलकांवर भर होता तो ‘मुलाला आई आणि वडील दोन्ही हवेत’ यावर. समर्थकांनी चर्चवर टीका करण्यात वेळ घालवला नाही. मुलांविषयीच्या प्रश्नाला त्यांनी एवढेच उत्तर दिले, की दत्तकाचा विषय वेगळ्या कायद्याने आधीच ठरला आहे, आणि बाकी सारी शक्ती लोकांनी आपल्या घरातली, गल्लीतली खरी गोष्ट सांगावी यावर लावली. विद्यार्थ्यांनी ‘आजीला फोन करा’ अशी मोहीम चालवली आणि घराघरांतून नातवंडांनी आजीआजोबांना फोन करून आपल्यासाठी किंवा आपल्या मित्रासाठी मत मागितले. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस, ज्या श्रद्धाळू कॅथलिक आहेत आणि ज्यांनी चर्चच्या कायद्याचा अभ्यास केला आहे, त्या आपल्या समलिंगी मुलाची आई म्हणून जाहीरपणे बोलल्या. त्याच वर्षी जानेवारीत आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी तिथल्या रेडिओवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले होते; त्यांचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. पुढे ते पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये कुटुंबासह वराडला आले, तेव्हा गावाने त्यांचे कौतुकाने स्वागत केले. सार्वमतात ६२ टक्के लोकांनी बाजूने मत दिले. ज्यांनी विरोधी मत दिले होते त्या डब्लिनच्या आर्चबिशप डायर्मिड मार्टिन यांनीही निकालानंतर चर्चने वास्तवाकडे नीट पाहण्याची गरज आहे, असे बोलून दाखवले. तिथल्या धर्मगुरूंवर अशी लग्ने लावण्याची सक्ती नाही, हे नंतरच्या कायद्यात लिहिले आहे. इतक्या लोकांचे मन वळले त्यात आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांचा वाटा मोठा होता, आणि त्यांतील कित्येकांनी चर्च सोडले नाही.

आता तो फलक. श्रद्धेची टिंगल करणारा फलक मला आवडत नाही, आणि चळवळीला त्याने नुकसानच होते. आपल्या पत्नीसारखी जी माणसे ऐकून घेण्याच्या बेतात असतात, ती त्याने दुरावतात. हे मुलीला स्पष्ट सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण सांगताना तो फलक धरणाऱ्या मुलाने काय सोसले असेल, याचाही विचार करावा. २०१३ पासून, कलम ३७७ मधून असे संबंध वगळणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापर्यंत, तो कायद्याने गुन्हेगार होता, आणि तसे व्हावे म्हणून न्यायालयात भांडलेल्यांत क्रूस धारण करणाऱ्या संघटना होत्या. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात तो कदाचित आपल्यासारख्याच एखाद्या सज्जन गृहस्थाकडून ‘असले लोक’ हे शब्द ऐकत वाढला असेल. त्याच्या रागाला आपण कारण नाही. तरीही आपण सह्यांचा कागद घेऊन घरोघर फिरलात, तर त्या रागाला आणखी एक कारण मिळेल.

सही नाकारताना मुलीचे गुपित उघड करू नका. ते सांगायचे की नाही, कोणाला आणि केव्हा, हे तिने आणि तिच्या सहचारिणीने ठरवायचे आहे. आपल्या बाजूला बळकटी यावी म्हणूनसुद्धा ते वापरू नये. तिला विचारा, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर त्याशिवायच बोला. ‘विवाहसंस्काराविषयी चर्चची शिकवण मला ठाऊक आहे आणि मी ती नाकारत नाही. पण नागरी कायद्यात कोणाला संरक्षण मिळू नये, अशी मागणी मला माझ्या सदसद्विवेकबुद्धीने करता येत नाही, म्हणून हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे,’ एवढे फादरांना एकांतात भेटून सांगितले तरी पुरे. कुजबुज होईल, एखादा जण बोलणे कमी करेल. कौन्सिलचा राजीनामा मात्र स्वतःहून देऊ नका. आपल्या धर्मग्रामात अशी मुले असलेली अन्य घरेही असणार, आणि त्यांना पुढेमागे कोणाशी बोलावेसे वाटले तर आपण त्या जागी असलेले बरे.

कायद्याची आजची स्थिती निराशाजनक आहे, पण सगळे दरवाजे बंद नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. नागरी स्वरूपाच्या सहजीवनाला मान्यता देण्याच्या बाजूने सरन्यायाधीश आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल असे दोघेच होते, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. २०२४ मध्ये केंद्राने मात्र अशा जोडप्यांना एका शिधापत्रिकेवर येण्यास, संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास आडकाठी नसल्याचे कळवले आहे. आपण बँकेत होतात, तेव्हा नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हे आपल्याला मी सांगायला नको. म्हणून दोघींनीही मृत्युपत्र करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, आणि शक्य असेल तर वारस ठरणाऱ्या आपणच मुलीला ते करायला सुचवावे. बापाच्या तोंडून हे ऐकणे तिला कोणत्याही भाषणापेक्षा मोलाचे वाटेल. स्वतः बोलता येईनासे झाल्यास उपचारांविषयी कोणी निर्णय घ्यावा, हे लिहून ठेवणारे आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्रही करता येते. २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करून घेतले की पुरते आणि त्यात सहचारिणीचे नाव पालक म्हणून घालता येते. तातडीच्या ऑपरेशनच्या संमतीचा प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही. त्यासाठी आपण स्वतः एक पत्र लिहून, आपल्या गैरहजेरीत तिने निर्णय घ्यावा असे त्यात नमूद करून, ते त्या दोघींच्या कागदपत्रांत ठेवावे. मोठी रक्कम भेट देताना मात्र सल्ला घ्यावा, कारण पतीपत्नींमधील भेटीला प्राप्तिकरात जी सूट आहे ती त्यांना नाही. याच भेदाला आव्हान देणाऱ्या एका जोडप्याच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नोटीस काढली आहे.

आईवडिलांच्या गटाविषयी विचारले आहे. मुंबईत ‘स्वीकार – द रेनबो पेरेंट्स’ हा गट आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यातील चारशेहून अधिक पालकांनी आपल्या मुलांना विवाहाचा हक्क मिळावा म्हणून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. तिथे अवश्य जा. पत्नीची तयारी नसेल तर तिच्यावर जोर करू नका, पण आपण कुठे जातो आहोत हे तिच्यापासून लपवूही नका. परत आल्यावर तिथे कोण भेटले, त्यांची मुले काय करतात, त्यांनी आपल्या नातेवाइकांना कसे सांगितले, एवढे तिला सांगत राहा. पुढच्या वेळी कदाचित ती स्वतःहून तयार होईल.